बंड्या ओढतो, कारण ओढल्यावर रस्ता पुढे सरकतो

प्रश्न : मी ६१ वर्षांची, कोथरूडला राहते. मुलाने लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, बंड्या. त्याला आता पाच महिने पूर्ण झालेत. मुलगा-सून दोघंही हिंजवडीला जातात, त्यामुळे सकाळी त्याला फिरवणं माझ्याकडे आणि संध्याकाळी आमच्या ह्यांच्याकडे. घरात अगदी गुणी आहे. पण लीश लावून बाहेर काढलं की ऐकतच नाही. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानाकडे इतका ओढतो की परवा पेव्हर ब्लॉकवर पाय घसरला आणि मी गुडघ्यावर पडले. संध्याकाळी सगळं उलटं. हल्ली जवळच्या मैदानावर ढोल-ताशाचा सराव असतो, तेव्हाच हे त्याला खाली नेतात. तेव्हा तो फाटकाशी बसकण मारतो, काही केल्या हलत नाही, आणि परत फिरलं की घराकडे सुसाट. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणतात, ‘चोक चेन घाला, दोन हिसके द्या, मालक कोण ते एकदा कळू द्या.’ ह्यांना ते पटतंय. माझं मन धजत नाही. काय करावं?

उत्तर : ताई, आधी तुमच्या गुडघ्याबद्दल. सूज किंवा दुखणं अजून असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि बरं वाटेपर्यंत सकाळची फेरी मुलाकडे द्या. आठला निघायचं असेल तर त्याला सहाला उठता येईल. कुत्रा त्याने आणलाय, आणि बंड्या अजून दुप्पट वजनाचा व्हायचाय. पूर्ण वाढलेला लॅब्रॅडॉर पंचवीस ते पस्तीस किलोपर्यंत जातो. आज जे शिकवायला पंधरा मिनिटं पुरतात, ते वर्षभराने पुरणार नाहीत. पुन्हा फिरवायला लागाल तेव्हा चपला नकोत, मागून बंद असलेले, तळव्याला पकड असलेले बूट घाला. आणि लीश मनगटाला कधीही गुंडाळू नका. पुष्कळ लोक घट्ट पकड म्हणून तसंच करतात, पण कुत्र्याने झेप घेतली की मनगट आणि खांदा आधी जातो. लीशचा फास अंगठ्यात अडकवा, मूठ मिटा, दुसऱ्या हाताने मधे धरा आणि दोन्ही हात पोटाशी ठेवा. असं धरलं तर ताण हातावर न येता सगळ्या अंगावर येतो.

आता चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी. तुमचं मन धजत नाही ते योग्यच आहे. ती साखळी काम करते ती दुखवून. कुत्र्याच्या गळ्यात श्वासनलिका आहे, मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, थायरॉइड आहे. पाच महिन्यांच्या पिल्लाच्या मानेला दोन जोरात हिसके म्हणजे इजेला आमंत्रण. आणि हिसका बसतो त्या क्षणी बंड्या कशाकडे बघत असेल? समोरच्या कुत्र्याकडे, सायकलवरच्या मुलाकडे, घंटागाडीकडे. दुखण्याची गाठ तो त्यांच्याशी बांधतो. वर्षभराने तो मुलांवर भुंकायला लागला की सगळे म्हणतात, कुत्राच वाईट निघाला.

‘मालक कोण ते कळू द्या’ या समजुतीचं मूळही बघा. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं. त्यावरून कळपात कायम वर्चस्वाची लढाई चालते, असा समज रूढ झाला, आणि तोच कुत्र्यांनाही लावला गेला. पुढे डेव्हिड मीच (Mech) या अभ्यासकांनी जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले. आधी त्यांनीही तीच भाषा वापरली होती. १९९९ साली त्यांनी स्पष्ट लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब. तुमच्या शेजाऱ्यांच्या मनात वाईट नाही, पण त्यांचा सल्ला तिथून आलेला आहे. बंड्याला राज्य करायचं नाही. त्याला चिकनच्या दुकानापर्यंत पोचायचंय, आणि आजवर ओढल्यावर तो पोचलेला आहे.

सगळं यातच आहे. तुम्ही मागून चालता, तो पुढे ओढतो, आणि रस्ता पुढे सरकतो. म्हणजे ओढण्याचं बक्षीस आपणच दर पावलाला त्याला देत आलोय. वर कुत्र्याची नैसर्गिक चाल आपल्यापेक्षा वेगवान असते. आपल्या शेजारून आपल्या गतीने चालणं हे त्याच्यासाठी शिकण्याचं काम आहे, ते जन्मतः येत नाही. म्हणून आजपासून घरात एकच नियम : लीश सैल असेल तरच पावलं पडतील, ताठ झाली की थांबतील. प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. ‘आज घाई आहे, जाऊ दे’ असं ज्या दिवशी होईल, त्या दिवशी बंड्या शिकेल की जास्त वेळ, जास्त जोरात ओढलं तर जमतं. कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसाने सवय जास्त घट्ट होते. तुम्ही सकाळी मेहनत घ्यायची आणि संध्याकाळी ह्यांनी ओढत न्यायचं, असं चाललं तर काहीच हाती लागणार नाही. हे पत्र त्यांनाही वाचून दाखवा.

तुम्ही म्हणाल, मग शी-शूला नेताना काय? दर वेळी थांबत बसलो तर त्याची सोय कधी व्हायची? त्यासाठी हार्नेस घ्या, छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा, ज्याला एक कडी छातीपुढे आणि एक पाठीवर असते. शिकवायचं असेल तेव्हा लीश पुढच्या कडीत. नुसतं उरकायचं असेल, पाऊस असेल, घाई असेल, तेव्हा मागच्या कडीत. त्या वेळी नियम लागू नाही, पण तेव्हा लांब जायचंही नाही. सोसायटीच्या आवारातल्या ठरलेल्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत. बंड्याला हा फरक अंगावर जाणवतो, आणि थोड्या दिवसांत त्याला कळतं की पुढची कडी म्हणजे शेजारून चालणं. पुढच्या कडीचा दुसरा फायदा तुमच्या गुडघ्याला : त्याने झेप घेतली की त्याचं अंग तुमच्याकडे वळतं, सरळ रेषेत जोर लागत नाही. पण हार्नेस शिकवत नाही, फक्त जोर कमी करतो. शिकवायचं तुम्हालाच आहे. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि बंड्या वाढत्या अंगाचा असल्यामुळे दर पंधरवड्याला पट्टे सैल करून काखेत कुठे घासलंय का ते बघा. लीश साधी, कापडी, पाच-सहा फुटांची. बटण दाबून लांब होणारी दोरीची लीश नको. तिच्यात कायम ताण असतो, म्हणजे ताण हीच नेहमीची गोष्ट असं तो शिकतो. रस्त्यावर पटकन आवरताही येत नाही.

पहिला धडा दिवाणखान्यात. त्याच्या रोजच्या खाण्यातली मूठभर गोळी बाजूला काढा, थोडं बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर नखाएवढे तुकडे करून कमरेच्या पिशवीत ठेवा. लॅब्रॅडॉरला शिकवणं सोपं जातं ते त्याच्या भुकेमुळे. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बदल असतो, त्यामुळे त्याला खाण्याची ओढ जास्त असते. हाच गुण पुढे वजनावर उठतो, म्हणून पिशवीतलं जे खाईल तेवढं ताटलीतून कमी करा. आणि घरात कुणीही शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट किंवा कांदा-लसूण घातलेलं काही खाऊ म्हणून देऊ नये. कुत्र्यांना द्राक्ष-मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. गणपतीत प्रसादाची वाटी खाली ठेवली जाते, तेव्हा हे लक्षात ठेवा.

लीश न लावता चालायला लागा. बंड्या आपणहून तुमच्या डाव्या बाजूला आला की ‘हां!’ म्हणा आणि लगेच खाऊ द्या. खाऊ कुठे देता यावर सगळं अवलंबून आहे, आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. हात पुढे करून दिला की तो पुढे येतो, तुमच्या समोर आडवा होतो, पायात येतो. खाऊ तुमच्या डाव्या मांडीच्या शिवणीला चिकटून, त्याच्या तोंडाच्या उंचीवर द्या. किंचित मागे असला तरी चालेल. जिथे खाऊ मिळतो तिथे कुत्रा राहतो. दहा-बारा वेळा झालं की तो तिथेच रेंगाळायला लागेल. ‘हां’ हा शब्द सगळ्यांनी एकच ठेवा, आणि तो चालत असताना म्हणा, थांबल्यावर नाही. क्षण चुकला तर वेगळंच काहीतरी शिकवलं जातं.

मग लीश लावून तेच. मग गॅलरीत, जिन्याच्या लँडिंगवर, पार्किंगमध्ये, आवारात, आणि शेवटी फाटकाबाहेर. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. दिवाणखान्यात जमतं म्हणजे रस्त्यावर जमेल असं कुत्र्याच्या डोक्यात नसतं. जागा बदलली की त्याच्यासाठी धडा नवा. एका वेळी पाच-सात मिनिटं, दिवसातून तीनदा. तो जांभया द्यायला लागला, अंग झटकायला लागला, खाऊ घेईनासा झाला की थांबायचं. तो ताण आहे, आळस नाही.

रस्त्यावर लीश ताठ झाली की थांबा. हिसका नको, ओरडणं नको, नाव घेऊन हाका मारणंही नको. हात पोटाशी ठेवून उभ्या राहा. कधीतरी तो मागे वळून बघेल किंवा अर्धं पाऊल मागे येईल. दोरी सैल झाली, की त्याच क्षणी ‘हां!’, खाऊ मांडीशी, आणि पुढे. पहिल्या दिवसांत दहा पावलं जायला पाच मिनिटं लागतील. येणारे-जाणारे बघतील. सकाळच्या चालणाऱ्या मंडळींपैकी कुणी ना कुणी सल्ला देईलच, नमस्कार करा आणि उभ्याच राहा. एक धोक्याची सूचना आधीच देते : साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पूर्वीपेक्षा जास्त ओढेल. जी युक्ती कायम चालत होती ती अचानक चालेनाशी झाल्यावर तो ती अधिक जोराने करून बघतो. ‘उपाय उलटलाय’ असं वाटून लोक इथेच सोडून देतात. त्या दोन-तीन दिवसांत टिकलात की पुढे ओढणं कमी होत जातं.

तो बघेचना, अडूनच राहिला, तर थांबण्याऐवजी वळा. ‘चल बंड्या’ असं आनंदाने म्हणून उलट्या दिशेने चार पावलं टाका, तो आला की खाऊ द्या, आणि परत फिरा. गुडघ्यासाठी गर्रकन वळू नका, गोल वळसा घ्या.

चिकनच्या दुकानाचं काय? ते टाळू नका, त्याचंच बक्षीस करा. दुकान दिसतंय पण वास नाकात भरलेला नाही, अशा अंतरावर सुरुवात करा. पाच पावलं सैल लीशने आला, तर ‘जा, हुंग’ म्हणून बाजूच्या झाडापाशी स्वतः त्याला घेऊन जा. कुत्र्याच्या नाकात वासाचे वीस-तीस कोटी ग्राहक असतात, माणसाच्या नाकात पन्नास-साठ लाख. झाडाच्या बुंध्यापाशी तो दोन मिनिटं थांबतो तेव्हा वेळ फुकट जात नाही, मेंदूचं काम चालू असतं आणि तो त्यानेच दमतो. माझं स्पष्ट मत आहे की पिल्लाच्या फेरीतला निम्मा वेळ हुंगण्यासाठी हवा. लोक कुत्र्याला पायाशी चिकटवून परेडसारखं चालवू बघतात. त्याची गरज नाही. लीश सैल आहे, मग तो चार फूट डावीकडे आहे की उजवीकडे, त्याने काय फरक पडतो? फक्त दुकानाजवळ जमिनीकडे लक्ष ठेवा. टाकलेली शिजलेली हाडं फुटून घशात-आतड्यात अडकतात. ‘सोड’ हा शब्द घरीच शिकवा : तोंडात खेळणं असताना नाकाशी चिकनचा तुकडा धरायचा, त्याने खेळणं सोडलं की ‘सोड’ म्हणून तुकडा द्यायचा. तोंडात बोटं घालून ओढून काढलं तर तो पुढच्या वेळी पटकन गिळून टाकायला शिकतो. याच वयात दुधाचे दात पडून पक्के दात येतात, त्यामुळे लीशही चावेल. तेव्हा खेचाखेच करू नका, त्याला तो खेळ वाटतो. लीश सैल सोडा, त्याच्या तोंडात दुसरं खेळणं द्या.

आता संध्याकाळ. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते ढोल-ताशाबद्दलचं वाक्य. सकाळी बंड्या बाहेर ओढतो ते आवडीने. संध्याकाळी फाटकाशी बसतो आणि घराकडे ओढतो ते भीतीने. दोरी दोन्ही वेळा ताठ होते, पण आतलं कारण वेगळं, म्हणून उपायही वेगळा. घाबरलेल्या पिल्लाला ओढत नेलं, किंवा घराकडे ओढतोय म्हणून तिथेच उभं राहून रोखून धरलं, तर त्या आवाजातून सुटका नाही हेच तो शिकतो. तिथे वरचा थांबण्याचा नियम लावू नका. शेपटी पोटाशी, कान मागे, धाप लागलेली, खाऊ नाकाशी धरला तरी घेत नाही, ही चिन्हं दिसली की शांतपणे घरी न्या.

गणपतीच्या आधी पुण्यात पथकांचा सराव काही आठवडे चालतो, आणि मग विसर्जन मिरवणूक, मग दिवाळीचे फटाके. ही भीती आत्ताच हाताळली नाही तर पुढचे चार महिने जड जातील. ह्यांना सांगा, संध्याकाळची फेरी सरावाच्या आधी किंवा तो संपल्यावर काढा. आणि दिवसातून एकदा, घरात खिडक्या लावून, आवाज अगदी लांबून, बारीक ऐकू येत असताना त्याला चिकन द्या. आवाज आला की चिकन, आवाज थांबला की चिकनही बंद. तो आरामात खातोय असं दोन-तीन दिवस दिसलं की एक खिडकी उघडा. मग गॅलरी. घाई नको. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते असं सांगतात, ते खरं नाही. तो तुमच्यापाशी आला तर खुशाल जवळ घ्या. मिरवणुकीला मात्र त्याला कधीच नेऊ नका. आवाजापासून लांब आणल्यावरही तो एखादा कोपरा सोडत नसेल, खात नसेल, थरथरत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा. त्यासाठी औषधं आहेत आणि ती देण्यात काही कमीपणा नाही.

रस्त्यावरची कुत्री दिसली की लीश आवळू नका. ताठ लीश त्याला सांगते की काहीतरी बिनसलंय. रस्ता ओलांडा किंवा मोठा वळसा घ्या, बंड्या त्यांच्यापासून लांबच्या बाजूला आणि तुम्ही मध्ये. खाऊ जमिनीवर विखरा म्हणजे तो खाली हुंगत पुढे जाईल. पळू नका. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने गेलात तर गल्लीतली कुत्री तुम्हाला ओळखायला लागतात आणि बहुतेक वेळा उठतही नाहीत. त्याच्या लसी पूर्ण झाल्यात आणि रेबीजची टोचलेली आहे ना, हे एकदा पुस्तिकेत तपासा, आणि महापालिकेचा परवाना काढला नसेल तर काढा. पावसाळ्यात फेरीनंतर बोटांच्या बेचक्या आणि कानांच्या मागे गोचीड बघा. उन्हाळ्यात डांबरावर हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. टेकडीवर नेलंत तर लीश सोडू नका. वेताळ टेकडीवर मोर आहेत, आणि लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला पळणारं काहीही दिसलं की मागे जावंसं वाटतं.

हे सगळं सातत्याने केलं तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसायला हवा. पूर्ण जमणार नाही, पण फाटकापासून दुकानापर्यंत तुम्ही न पडता पोचाल. सहा-सात महिन्यांपासून पुढे वयात येताना तो थोडे दिवस सगळं विसरल्यासारखं करेल. तेव्हा पुन्हा दिवाणखान्यातून सुरू करा, दुसऱ्यांदा लवकर होतं. फरक दिसलाच नाही, किंवा तो लीशवर असताना माणसांवर गुरगुरायला लागला, तर घरी येणारा प्रशिक्षक शोधा. पंधरा दिवस कुत्रा आमच्याकडे ठेवा, शिकवून परत देतो असं म्हणणाऱ्याकडे पाठवू नका, तिथे तो काय शिकतो ते तुम्हाला दिसत नाही. फोनवरच विचारा : चूक झाली तर तुम्ही काय करता? उत्तरात साखळी किंवा हिसका आला तर दुसरा शोधा. आणि जो पहिल्याच दिवशी तुमच्या आणि ह्यांच्या हातात आळीपाळीने लीश देऊन तुम्हालाच चालायला लावेल, तो निवडा.